पेटीतलं बाळ काय ऐकतं?

कमी दिवसांचं बाळ एनआयसीयूत ठेवलं की बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या माणसांचे प्रश्न ठरलेले असतात. वजन किती भरलं, दूध सुरू केलं का, नळी कधी काढणार, घरी कधी सोडणार. पहिल्यांदा आत जाऊन आलेली आई मात्र बऱ्याचदा आणखी एक गोष्ट विचारते: मी बोलले तर त्याला कळेल का? सिस्टर "हो, बोला ना" म्हणतात आणि पुढच्या पेटीकडे वळतात. त्यांच्या त्या "हो"च्या मागे आज चाळीसेक वर्षांचं संशोधन उभं आहे. त्यातला काही भाग पक्का आहे, काही अजून कच्चा. पण एकूण जे हाती लागलं आहे त्याचा संबंध नवजात अतिदक्षता विभागाच्या रोजच्या कारभाराशी आहे: आईला आत किती वेळ येऊ द्यायचं, यंत्रं किती जोरात वाजू द्यायची, बाळाशी कुणी आणि कोणत्या भाषेत बोलायचं.

२०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मली. त्यातली ३० लाखांहून अधिक भारतातली. दुसऱ्या कुठल्याही देशाचा आकडा इतका मोठा नाही.

नवी मुंबईच्या टोकाचं तळोजा डोळ्यांसमोर ठेवलं तर या आकड्याला घरदार मिळतं. एकीकडे एमआयडीसीतले रसायनांचे आणि इंजिनीअरिंगचे कारखाने, मुंब्रा-पनवेल रस्त्यावरचे कंटेनर, दिवा-पनवेल मार्गावरच्या गाड्या. दुसरीकडे सिडकोच्या नव्या इमारती, आणि नोव्हेंबर २०२३पासून बेलापूरहून पेंधरपर्यंत धावणारी मेट्रो. आधीपासून राहणारी आगरी घरं, पाचनंदातली कोकणी मुसलमान कुटुंबं, कारखान्यांसाठी उत्तर प्रदेश-बिहारातून आलेली माणसं, मुंबईत घर परवडेना म्हणून इकडे सरकलेली मराठी जोडपी. अशा एखाद्या घरात तिसाव्या आठवड्यात बाळ झालं तर ते गाव सोडून पनवेल, कामोठे, खारघर किंवा नेरुळच्या एखाद्या रुग्णालयात जातं. आई ज्या बोलीत वाढली, घरात जी बोली चालते, तिच्यातून ते एकदम उचललं जातं आणि मॉनिटरच्या टुणटुणीत येऊन पडतं. या दोन ध्वनिविश्वांतला फरक त्याच्या मेंदूला जाणवतो का, हा या लेखाचा विषय.

आधी कानाचं बघू. आतल्या कानातला शंखासारखा भाग, म्हणजे कॉक्लिया, गर्भाच्या विसाव्या आठवड्याच्या आसपास आकाराला आलेला असतो. १९८३ साली बर्नहोल्झ आणि बेनासेराफ या दोन अमेरिकी डॉक्टरांनी सोनोग्राफी लावून, आईच्या पोटावर आवाज करून गर्भाच्या पापण्या बघितल्या. २४-२५व्या आठवड्यात काही गर्भ दचकून डोळे मिटत होते. २८व्या आठवड्यानंतर हा प्रतिसाद नेमाने मिळू लागला. म्हणजे सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचा कान चालू असतो.

पण पोटात जे ऐकू येतं ते बाहेरच्यासारखं नसतं. उंच पट्टीचे आवाज आईच्या शरीरातून आणि गर्भजलातून येताना गळून जातात. खालच्या पट्टीचे टिकतात. बंद दाराआडून शेजारच्या घरातलं बोलणं ऐकू यावं तसं. कोण बोलतंय, रागाने की लाडाने, वाक्य कुठे चढलं-उतरलं हे कळतं. शब्द कळत नाहीत. आईचा आवाज याला अपवाद म्हणावा इतका जवळचा, कारण तो हवेतून येतो तसाच तिच्या हाडामांसातूनही येतो. डीकॅस्पर आणि फायफर यांनी १९८० साली दाखवलं की जन्मून जेमतेम तीन दिवस झालेली बाळं बोंडली चोखण्याची लय बदलून, परक्या बाईच्या आवाजाऐवजी आईचा आवाज लागेल असं बघतात. १९८६मध्ये डीकॅस्पर आणि स्पेन्स यांनी पुढचं पाऊल टाकलं. शेवटच्या दीड महिन्यात आईने रोज एकच गोष्ट मोठ्याने वाचली होती. जन्मल्यावर बाळांनी तीच गोष्ट पसंत केली, मग ती वाचणारी बाई दुसरी असली तरी.

महाराष्ट्रात हे सांगितलं की लगेच गर्भसंस्काराच्या सीडी आणि वर्गांचा विषय निघतो. म्हणून इथेच स्पष्ट केलेलं बरं. या प्रयोगांतून एवढंच दिसतं की शेवटच्या तिमाहीत बाळ आवाज, लय आणि हेल ओळखायला शिकतं. ते अर्थ शिकत नाही, श्लोक पाठ करत नाही, बुद्धीने तल्लख होत नाही. चौथ्या महिन्यात पोटाला हेडफोन लावण्याला तर कसलाच आधार नाही. आईने रोजचं बोलणं बोललं, घरातल्यांशी गप्पा मारल्या, की बाळाला त्या काळात लागतं ते मिळतं.

आता मुदतपूर्व बाळाकडे. शेवटचे जे दहा-बारा आठवडे त्याने पोटात हे गाळलेलं बोलणं ऐकत काढायचे, ते आठवडे ते पेटीत काढतं. त्या वेळी त्याच्या मेंदूत काय अवस्था असते? मोठ्या माणसाच्या मेंदूचं बाहेरचं आवरण, कॉर्टेक्स, सहा थरांचं असतं. २८व्या आठवड्यात हे थर अजून पुरे बसलेले नसतात. पुष्कळ पेशी आपापल्या जागी पोचण्यासाठी वाटेवर असतात, आणि थरांच्या खाली सबप्लेट नावाचा एक तात्पुरता पट्टा असतो. कानाकडून येणारे तंतू आधी तिथे थांबतात आणि मग वर चढतात. पुढे हा पट्टा जवळजवळ नाहीसा होतो. इतक्या अर्धवट बांधकामात बोलण्याचं काय होत असेल, बहुधा नुसता गोंगाटच, असं मानायला जागा होती.

हेलसिंकीच्या संशोधकांनी १९९६ साली या समजाला पहिला धक्का दिला. एकच स्वर पुन्हा पुन्हा ऐकवायचा आणि मध्येच दुसरा स्वर टाकायचा. मेंदूने फरक टिपला तर डोक्यावरच्या इलेक्ट्रोडमध्ये लहर बदलते. ३० ते ३५ आठवड्यांच्या बाळांमध्ये ही लहर बदलली. बाळं झोपेत होती, म्हणजे लक्ष देऊन ऐकण्याचा प्रश्नच नव्हता. मेंदू आपणहून हिशेब ठेवत होता.

त्यानंतरचं सर्वांत बोलकं काम फ्रान्समधल्या आमियां शहरातलं, २०१३ सालचं. महमूदजादे, दहान-लांबर्ट्झ, वालोआ आणि त्यांचे सहकारी. ते जरा तपशिलात बघण्यासारखं आहे. २८ ते ३२ आठवड्यांत जन्मलेली मोजकी बाळं, जन्माला काहीच दिवस झालेली. त्यांच्या इवल्याशा डोक्यावर एक मऊ टोपी, तिच्यात बारीक दिवे आणि प्रकाश टिपणारे सेन्सर. या दिव्यांचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, तांबड्याच्या पलीकडचा असतो. बाळाची कवटी इतकी पातळ असते की तो आत मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत जाऊन परत येतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथे ऑक्सिजन घेऊन आलेलं रक्त वाढतं, रक्ताचा रंग किंचित बदलतो, आणि परतणाऱ्या प्रकाशात तो बदल उमटतो. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही, बाळाला हलवायचंही नाही.

स्पीकरमधून "बा, बा, बा" असं लागायचं. कधी त्यात "गा" यायचा. कधी अक्षर तेच राहायचं पण पुरुषाचा आवाज जाऊन बाईचा यायचा. "बा" आणि "गा" यांतला फरक अक्षराच्या अगदी सुरुवातीला, डोळ्याचं पातं लवायला लागतो त्याहून कमी वेळात असतो. बाई-पुरुषाच्या आवाजातला फरक मात्र अक्षरभर पसरलेला. अर्धवट मेंदूला दुसरा फरक कळेल, पहिला निसटेल, असा अंदाज कुणीही बांधला असता. दोन्ही कळले, २९व्या आठवड्याच्या बाळालाही कळले. इतकंच असतं तर ती कानाची तारीफ झाली असती. खरी नवलाची गोष्ट पुढे आहे. कपाळामागच्या भागात उजवी बाजू दोन्ही बदलांना उठली, आणि डावी बाजू उठली ती फक्त अक्षर बदलल्यावर. माणूस बदलला तर ती स्वस्थ राहिली. मोठ्या माणसात ज्या डाव्या भागात भाषेचं काम चालतं, त्याची वाटणी नऊ महिने भरायला तीन महिने असतानाच ठरू लागली होती. कोण बोलतंय आणि काय बोलतंय, या दोन वाटा इतक्या लवकर वेगळ्या होतात.

माझ्या मते या सगळ्या क्षेत्रातला हा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष आहे. बाळं थोडी होती हे खरं, पण दिसलेला नमुना मोठ्यांच्या मेंदूशी इतका जुळणारा होता की तो योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. ही मांडणी शिकवून आलेली नसणार. काही दिवसांच्या बाळाने पेटीत ती शिकली असणं शक्य नाही. मेंदू बोलण्यासाठी घडत असतानाच जन्म मध्ये आला, एवढाच त्याचा अर्थ. त्याच गटाने नंतर, २०१८ साली, मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये रक्तस्राव झालेल्या मुदतपूर्व बाळांकडे पाहिलं. अक्षरं ऐकवल्यावर पेशींचा विद्युत प्रतिसाद येत होता, पण त्याच्या पाठोपाठ रक्तप्रवाह जसा वाढायला हवा तसा वाढत नव्हता. आपल्याकडे टाळूवर प्रोब ठेवून जी सोनोग्राफी करतात, ती याच रक्तस्रावासाठी. म्हणून तो रिपोर्ट डॉक्टरांकडून नीट समजून घ्यायला हवा.

मग मनात येतं, की बाळ तीन महिने आधीच बाहेरच्या स्वच्छ आवाजात आलं, तर त्याला भाषा लवकर यायला हवी. हा प्रश्न चिलीतल्या मार्सेला पेन्या यांनी घेतला. २०१० साली त्यांनी भाषेची लय ओळखण्याची क्षमता तपासली. पूर्ण दिवसांची बाळं सहाव्या महिन्यात जे करतात, ते तीन महिने आधी जन्मलेल्यांना नवव्या महिन्यात जमलं. जन्मतारखेपासून मोजलं तर मागे. गर्भधारणेपासून मोजलं तर बरोबर वेळेवर. २०१२मध्ये जॅनेट वेर्कर आणि दहान-लांबर्ट्झ यांच्यासोबत त्यांनी परक्या भाषेतल्या वर्णांवर हेच करून बघितलं आणि निकाल तोच आला: ऐकण्याची लवकर सुरुवात झाली म्हणून काम लवकर झालं नाही.

वेर्कर यांचं नाव आपल्याला जवळचं वाटावं असं एक कारण आहे. १९८४ साली कॅनडात त्यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले "त" आणि "ट" ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना ते सहज वेगळे कळत. वर्षाच्या आसपास ती क्षमता ओसरलेली असे, कारण त्यांच्या घरात तो फरक कुणी करत नव्हतं. मराठी घरात "त-ट", "द-ड", "न-ण", "ल-ळ" रोज कानावर पडतात, म्हणून आपल्या बाळांना ते पुढेही वेगळे राहतात. तळोज्याच्या आगरी घरातलं बाळ "पानी" आणि "गारी" ऐकत वाढतं, शेजारच्या घरातलं "पाणी" आणि "गाडी". दोघांच्या मेंदूची छाटणी आपापल्या घराप्रमाणे होते, आणि दोन्ही घरांत ती बरोबरच होते.

वेळेचा हा हिशेब घरच्यांनी लक्षात ठेवायला हवा. दोन महिने आधी झालेलं बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा ते वाढीच्या दृष्टीने चार महिन्यांचं धरायचं. डॉक्टर याला करेक्टेड एज म्हणतात. शेजारणीचं त्याच वयाचं बाळ "बाबा-बाबा" करायला लागलं आणि आपलं गप्प आहे, यावरून जी रडारड होते तिच्यातली बरीच या एका वजाबाकीने थांबेल.

आता एनआयसीयूच्या आत येऊ, कारण माझी तक्रार आणि आशा दोन्ही तिथे आहेत. अमेरिकन बालरोग अकादमीने १९९७ साली सांगितलं की या विभागात आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये. साधं बोलणंच ६०च्या आसपास भरतं. आपल्याकडच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रुग्णालयाभोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र धरला आहे: दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. म्हणजे बाहेरच्या कर्ण्याला कायदा आहे. आतल्या सीपॅप या श्वासाच्या यंत्राचा फुसफुसाट, सक्शन, अलार्म, स्टीलच्या ट्रेचा खणखणाट, पेटीची झडप धाडकन बंद होणं, हे सगळं बाळाच्या कानापासून हातभर अंतरावर. पेटीच्या छतावर पेन ठेवला तरी आत तो आदळल्यासारखा ऐकू येतो. पोटात ज्या उंच पट्ट्या गाळल्या जायच्या, त्याच इथे सर्वांत जास्त वाजतात. बाळाचं हृदय धडधडतं, ऑक्सिजन खाली येतो, झोप मोडते.

यावर उपाय म्हणून एकेका बाळाला स्वतंत्र, शांत खोली द्यावी असा विचार अमेरिकेत रुजला. इथे निकालांनी सगळ्यांना बुचकळ्यात टाकलं. सेंट लुईसच्या रुग्णालयात रॉबर्टा पिनेडा यांनी ३० आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांचा अभ्यास केला आणि २०१४ साली तो छापला. स्वतंत्र खोलीतल्या बाळांच्या मेंदूत डाव्या-उजव्या बाजूंत जो नेहमीचा फरक दिसायला हवा तो कमी होता, आणि दोन वर्षांच्या वयात त्यांचे भाषेचे गुण खुल्या वॉर्डातल्या बाळांपेक्षा कमी भरले. त्याच वर्षी ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सहून लेस्टर यांच्या गटाचा अगदी उलटा निष्कर्ष आला: स्वतंत्र खोलीतली बाळं जास्त चांगली. दोघांपैकी कुणी चुकलं असं मला वाटत नाही. प्रॉव्हिडन्सच्या अभ्यासात फायदा झाला त्यामागे आईचा वाढलेला सहभाग होता, हे त्यांनीच दाखवलं. खोली वेगळी आणि आई आत असेल तर बाळाला बोलणं मिळतं. खोली वेगळी आणि आई कामावर, किंवा दूरच्या घरी, तर बाळाला नुसता एकांत मिळतो. अलार्म कमी केले तरी माणसाचं बोलणं कमी होता कामा नये.

किती बोलणं मिळतं हेही मोजलं गेलं आहे. प्रॉव्हिडन्सच्याच मेलिंडा कॅस्की आणि बेटी व्होर यांनी बाळाच्या अंगावरच्या जाकिटात छोटा रेकॉर्डर ठेवला. ३२व्या आठवड्यातलं बाळ स्वतःही लहानसे आवाज काढत होतं, आणि आईबाप जवळ असताना जास्त काढत होतं. दिवसभराच्या एकूण आवाजात माणसाच्या बोलण्याचा वाटा मात्र अगदी थोडा होता. २०१४ साली त्यांनी ही बाळं दीड वर्षाची झाल्यावर तपासली. पेटीत असताना ज्यांच्या कानावर मोठ्यांचं बोलणं जास्त पडलं होतं, त्यांचे भाषेचे गुण जास्त होते. अशा निकालाकडे थोडं सावधपणे बघायला हवं. ज्या आईला रोज येता आलं तिच्याकडे कदाचित पैसा, वेळ, आधारही जास्त असेल आणि त्याचाही फायदा बाळाला झाला असेल.

ही शंका दूर करायची तर चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडायला हवेत. बोस्टनमध्ये अमीर लहाव यांच्या गटाने ते केलं. २५ ते ३२ आठवड्यांत जन्मलेल्या ४० बाळांपैकी काहींना रोज तीन तास आईचा आवाज आणि हृदयाचे ठोके ऐकवले, तेही पोटात येतात तसे गाळून. बाकीच्यांना विभागातले नेहमीचे आवाज. महिनाभराने टाळूवरच्या सोनोग्राफीत पहिल्या गटाचा श्रवणाचा भाग जाडसर दिसला. २०१५ सालचा हा निकाल गाजला. जाडी वाढली म्हणजे पुढे बोलणं सुधारलं असा अर्थ त्यातून निघत नाही, तो पुष्कळांनी काढला. स्टॅनफर्डचा २०२५ सालचा अभ्यास एक पायरी पुढचा. ४६ बाळं, सगळी ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेली. आयांनी पॅडिंग्टन अस्वलाची गोष्ट वाचून ध्वनिमुद्रित केली आणि एका गटाला ती रोज रात्रीच्या वेळी, तुकड्यातुकड्याने, एकूण २ तास ४० मिनिटं ऐकवली गेली. घरी जाण्याआधीच्या एमआरआयमध्ये त्या गटातल्या बाळांचा डाव्या बाजूचा आर्क्युएट फॅसिक्युलस, म्हणजे ऐकण्याचे आणि बोलण्याचे भाग जोडणारा तंतूंचा जुडगा, अधिक पक्व दिसला. उजव्या बाजूपेक्षा डावीकडे परिणाम ठळक होता, आणि ते आमियांच्या प्रयोगाशी जुळतं.

इटलीतल्या आओस्ता इथे मानुएला फिलिप्पा यांनी ध्वनिमुद्रण न वापरता आईलाच पेटीजवळ बसवलं. २०२१ सालच्या अभ्यासात, रक्तासाठी टाचेला सुई टोचताना आई बोलत असली तर बाळाच्या वेदनेची लक्षणं कमी झाली आणि लाळेतलं ऑक्सिटोसिन वाढलं. हाही अभ्यास छोटाच. पण आपल्याकडे टाच टोचायच्या आधी घरच्यांना बाहेर जायला सांगायची पद्धत आहे, आणि ती कशासाठी, हे विचारायला एवढा पुरावा पुरे.

मला या सगळ्यांतून रेकॉर्डरपेक्षा आईच महत्त्वाची वाटते. रेकॉर्डर दुसऱ्या नंबरचा उपाय, आईला येताच येत नाही तेव्हाचा. आई छातीशी धरून बोलते तेव्हा बाळाला तिचा आवाज पुन्हा हाडामांसातून मिळतो. बाळाला असं छातीशी धरून ठेवणं, म्हणजे कांगारू मदर केअर, १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटात सुरू झालं ते पेट्या पुरत नव्हत्या म्हणून. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच देशांतल्या चाचणीत, ज्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं, जन्मल्याबरोबर सुरू केलेल्या कांगारू केअरने १ ते १.८ किलोच्या बाळांचे मृत्यू चतुर्थांशाने कमी झाले. त्यासाठी आईची खाटच नवजात विभागात आणावी लागली. मुंबईत शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली दूधपेढी उभी केली. आईचं दूध हा उपचाराचा भाग आहे हे तेव्हापासून आपल्याकडे कुणाला पटवावं लागत नाही. आईच्या आवाजाला तीच जागा मिळायला हवी. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१७ साली कुटुंबाला नवजाताच्या काळजीत सामील करून घेण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. आईबापांनी आत यावं, हात धुवावेत, गाऊन घालावा, बाळाला पाजावं, पुसावं, धरावं, असं त्यात आहे. तेव्हा "आत फक्त पाच मिनिटं" ही पाटी जिथे असेल तिथे ती का आहे असं विचारायला आधार आहे.

तळोज्याची आई आत आली की काय बोलेल? तिला बऱ्याचदा सुचत नाही. नळ्या बघून घशात आवाज अडकतो. आजूबाजूला सिस्टर मल्याळी वळणाच्या हिंदीत बोलत असतात, डॉक्टर इंग्रजीत, आणि आपली आगरी, कोकणी किंवा भोजपुरी तिथे काढायची लाज वाटते. कुणीतरी सांगितलेलं असतं की बाळाशी शुद्ध बोला, इंग्रजीत बोला. ते ऐकू नये. बाळाने पोटात जी लय ऐकली ती तिचीच. भाषा दोन असल्या तरी बिघडत नाही: २०१० साली व्हँकूवरमध्ये दिसलं की गरोदरपणात इंग्रजी आणि टागालोग दोन्ही बोलणाऱ्या आयांची नवजात बाळं दोन्ही भाषांकडे सारखंच लक्ष देतात आणि त्या वेगळ्याही ओळखतात. तिने काय बोलावं, तर जे सुचेल ते. आज पाऊस आला, तुझा बाबा कंपनीतून थेट इकडे येणार आहे, आजीने झबली शिवली आहेत. आवाज हळू, तोंड बाळाच्या जवळ, मध्ये मध्ये थांबून. बाळाने भुवया आक्रसल्या, हाताची बोटं फाकवली, तोंड फिरवलं, तर त्याला पुरे झालं असं समजायचं आणि नुसतं धरून बसायचं.

हे सगळं बाळाला ऐकू येतं हे गृहीत धरून चाललं आहे, आणि कमी दिवसांच्या बाळांत तेच धोक्यात असतं. जंतुसंसर्गासाठी दिलेली अमिकासिन-जेंटामायसिनसारखी औषधं कानाच्या पेशींना इजा करू शकतात. जास्त वाढलेली कावीळ कानापेक्षा श्रवणाच्या नसेला धरते. हा दुसरा प्रकार फसवा आहे, कारण ओएई नावाची साधी चाचणी कानाचं काम बघते, नसेचं नाही; ती चाचणी बाळ पास होतं आणि घरचे निर्धास्त होतात. म्हणून एनआयसीयूत राहिलेल्या बाळाची बेरा चाचणी व्हायला हवी, ज्यात आवाजाचा संदेश मेंदूच्या देठापर्यंत पोचतो का ते दिसतं. जगभर पाळला जाणारा नियम असा: एक महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र किंवा उपचार सुरू. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा शोध येतोच. पुढच्या तपासणीसाठी जायचं तर रायगडचं जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग. तळोज्याच्या माणसाला त्याहून श्रवणदोषांसाठीची बांद्र्याची अली यावर जंग संस्था जवळ पडते. डिस्चार्ज कार्डवर बेराची तारीख लिहिली आहे का, हे घरी निघताना बघावं.

शेवटी पुढच्या वर्षांबद्दल. या बाबतीत महाराष्ट्राकडे स्वतःचा मोठा पुरावा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात नवजात विभागातून घरी गेलेल्या, दोन किलोंच्या आतल्या बाळांचा पाठपुरावा थेट अठराव्या वर्षापर्यंत केला. भारतात इतक्या चिकाटीने केलेलं असं काम विरळा. बाराव्या वर्षी या मुलांची सरासरी बुद्धी सामान्य मर्यादेत होती, पण पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा कमी; अपुऱ्या दिवसांची आणि त्यातही पोटात वाढ खुंटलेली मुलं सर्वांत मागे. लेखन आणि गणित या दोन ठिकाणी अडचण ठळक होती. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१२ साली अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासले तेव्हा तिथेही याच दिशेचं दिसलं: साध्या शब्दसंग्रहातली तूट वयाबरोबर वाढत नाही, पण लांब वाक्यं समजणं, गोष्ट सांगणं, अशा गुंतागुंतीच्या भाषेतली तूट तिसऱ्या ते बाराव्या वर्षांदरम्यान वाढत जाते.

म्हणून दोन वर्षांचं मूल "पाणी दे" म्हणायला लागलं की पाठपुरावा संपवायची जी सवय आहे ती घातक आहे. खरी परीक्षा तिसरी-चौथीत, जिथे शिक्षक मागची ओळ लक्षात ठेवून पुढची समजून घ्यायला सांगतात. त्या वर्गात मुलाच्या जन्माच्या वेळचं वजन कुणाला माहीत नसतं. मूल आळशी किंवा मंद ठरतं. आई आणि बाळाचं लसीकरणाचं कार्ड बहुतेक घरांत शाळाप्रवेशापर्यंत जपून ठेवलेलं असतंच. त्यावर किती आठवड्यांत जन्म झाला, किती दिवस पेटीत होतं, बेरा झाली का, एवढ्या तीन नोंदी ठळक लिहिल्या आणि त्या अंगणवाडीपासून प्राथमिक शाळेपर्यंत मुलाबरोबर गेल्या, तर शाळेत तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकाला कुणाकडे जास्त लक्ष द्यायचं ते पहिल्याच दिवशी कळेल.